नांवें ठेवणारा लिनीअस

दक्षिण गोलार्धांतील अफाट महासागरावर एक पांढरा पक्षी हिंडत असतो. त्याचे पंख पसरले असतां एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतचें अंतर अकरा फुटांच्याहि वर भरतें. आज पृथ्वीवर जिवंत असलेल्या दुसऱ्या कोणत्याहि पक्ष्याचे पंख इतके लांब नाहींत. इंग्रजींत त्यास अल्बट्रॉस म्हणतात. शास्त्रज्ञांच्या पोथींत मात्र त्याचें नांव डायोमीडिया एक्झुलान्स असें आहे. त्यांतील पहिला शब्द ग्रीक पुराणांतील एका राजावरून आला आहे व दुसऱ्याचा अर्थ हद्दपारींत भटकणारा असा होतो. एका पक्ष्याला राजाचें नांव कां मिळावें, आणि ज्यानें कोणताहि अपराध केला नाहीं त्याच्या नांवांतच हद्दपारीची शिक्षा कां असावी, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास आपणांस त्या महासागराकडे न जातां स्वीडन देशांतील उप्साला शहरीं जावें लागतें. तेथें अठराव्या शतकांत एक प्रोफेसर राहत असे. हा पक्षी उडतांना त्यानें कधींहि पाहिला नव्हता. तरी त्याचें नांव ठेवलें तें त्यानेंच, आणि सन १७५८ पासून आजतागायत तेंच चालत आलें आहे. त्या प्रोफेसराचें नांव कार्ल लिनीअस. त्याचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नांवें ठेवणें या शब्दांचा मराठींत आणखी एक अर्थ होतो, व तो आमच्या बालवाचकांस समजावून सांगावयास नको. लिनीअस दोन्ही अर्थांनीं नांवें ठेवण्यांत तरबेज होता. परंतु तें पुढें येईल.

लिनीअसचा जन्म २३ मे १७०७ रोजीं दक्षिण स्वीडनमधील स्मोलंड प्रांतांत रोशुल्ट नांवाच्या खेड्यांत झाला. त्याचा बाप नील्स हा धर्मोपदेशक होता व आईहि धर्मोपदेशकाचीच मुलगी. त्या काळीं तेथील शेतकरीवर्गांत आडनांव लावण्याची चाल नव्हती. बापाच्या नांवावरून मुलानें ओळखलें जावें, इतकेंच. नील्सच्या बापाचें नांव इंगेमार, म्हणून तो नील्स इंगेमारसन. परंतु विद्यापीठांत नांव दाखल करावयाचें तर आडनांव हवें. तेव्हां घराण्याच्या जमिनींत लिंडन जातीचा एक प्रचंड वृक्ष होता, त्यावरून नील्सनें लिनीअस असें लॅटिन धर्तीचें आडनांव बनविलें. आपल्याकडे आंबेकर, पिंपळखरे अशीं आडनांवें आहेत, त्यांतलाच हा प्रकार. मौज अशी कीं, त्याच झाडावरून त्या कुळांतील दुसऱ्या शाखांनीं लिंडेलिअस व टिलिअँडर अशीं आणखी दोन आडनांवें घेतलीं होतीं. तेव्हां ज्यानें पुढें हजारों प्राण्यांचीं व झाडांचीं नांवें ठेवलीं, त्याचें स्वतःचेंच आडनांव एका झाडावरून बेतलेलें होतें, व तेंहि केवळ एका पिढीपूर्वीं.

नील्सला फुलझाडांचा फार नाद होता. घराभोंवतीं त्यानें सुंदर बाग केली होती, आणि मूल रडूं लागलें कीं त्याच्या हातीं एक फूल द्यावें म्हणजे तें गप्प होई, असें सांगतात. कार्ल चार वर्षांचा असतांना एके दिवशीं बाप पाहुण्यांना कुरणावर बसून निरनिराळ्या झाडांचीं नांवें व गुण सांगत होता. मुलाला तें ऐकून इतका आनंद झाला कीं, त्या दिवसापासून तो बापाला एकसारखा या झाडाचें नांव काय, त्याचें काय, असें विचारूं लागला. पण लहान पोर तें! आज सांगितलेलें उद्यां विसरे व पुन्हा विचारी. शेवटीं बापानें त्यास बजाविलें कीं, सांगितलेलीं नांवें ध्यानांत ठेवणार नसशील तर यापुढें एकहि नांव सांगणार नाहीं. मुलानें ती धमकी मनावर घेतली. ही गोष्ट लहान आहे, पण वाचकांनीं ती लक्षांत ठेवावी अशी आमची विनंति आहे.

शाळेंत मात्र कार्लचें मुळींच तेज पडलें नाहीं. वेक्श्यो या गांवच्या शाळेंत त्यास घातलें होतें. मुलानें बापाप्रमाणें धर्मोपदेशक व्हावें अशी आईबापांची, विशेषतः आईची, फार इच्छा. आणि मुलगा तर संधि मिळतांच रानांत जाई. सन १७२६ मध्यें नील्स चौकशीसाठीं शाळेंत गेला तेव्हां शिक्षकांनीं त्यास सांगितलें कीं, या मुलाच्या हातून विद्या होणार नाहीं, याला शिंप्याचा किंवा चांभाराचा धंदा शिकवावा. हिरमुसला होऊन बाप आपल्या एका दुखण्याकरितां योहान रोथमान नांवाच्या डॉक्टराकडे गेला. हा डॉक्टर त्याच शाळेंत शिकवीतहि असे. त्यानें मुलाची परीक्षा निराळी केली होती. मुलगा धर्मोपदेशक होणार नाहीं हें खरें, पण उत्तम वैद्य होईल, असें सांगून त्यानें कार्लला आपल्या घरीं ठेवून घेतलें व वनस्पतिशास्त्र पद्धतशीर शिकविलें. परीक्षेंतील क्रमांकावरून मुलाची पारख करणाऱ्या पालकांनीं या रोथमानची आठवण ठेवावी. आईचें समाधान धाकट्या सॅम्युएलनें केलें. तो यथाकाळ धर्मोपदेशक झाला.

सन १७२७ मध्यें लिनीअस लुंड येथील विद्यापीठांत गेला व पुढच्याच वर्षीं उप्सालास आला. घरची मदत तुटपुंजी होती. जोड्यांना भोंकें पडलीं तेव्हां आंत कागद घालून तो दिवस काढी असें म्हणतात. एके दिवशीं तेथील वनस्पतींच्या बागेंत तो एक झाड न्याहाळीत बसला असतां ओलोफ सेल्सिअस नांवाच्या वृद्ध विद्वानाची त्याच्याशीं गांठ पडली. सेल्सिअसनें कांहीं झाडांचीं नांवें विचारलीं. तरुणानें तीं धडाधड सांगितलीं. त्या दिवसापासून त्याच्या जेवणाची व राहण्याची सोय सेल्सिअसच्या घरीं झाली. (उष्णतामापकामुळें ज्याचें नांव आपण नित्य घेतों तो आंदेर्स सेल्सिअस याचाच पुतण्या.)

येथेंच त्याला पीटर आर्टेडी नांवाचा मित्र लाभला. तोहि गरीब व तोहि सृष्टीच्या नादानें वेडा. दोघांनीं सारी सृष्टि आपसांत वांटून घेतली. माशांचा भाग आर्टेडीकडे आला, फुलझाडें, पक्षी व कीटक लिनीअसकडे. दोघांपैकीं जो मागें राहील त्यानें दुसऱ्याचें काम पुरें करावें असाहि करार झाला. तरुणांचे असले करार बहुधा हंसण्यावारीं जातात. पण सन १७३५ मध्यें आर्टेडी ॲम्स्टरडॅम शहरीं रात्रीं घरीं परततांना कालव्यांत पडून बुडाला. त्याचीं हस्तलिखितें घरमालकानें थकलेल्या पैशांसाठीं अडवून ठेवलीं होतीं. तीं सोडवून लिनीअसनें मित्राच्या नांवानेंच सन १७३८ मध्यें छापून प्रसिद्ध केलीं. लिनीअस गर्विष्ठ होता, आत्मस्तुति करण्यांत त्याचा हात धरणारा मिळणें कठीण, असें त्याचे टीकाकार म्हणतात व तें खोटें नाहीं. परंतु हा करार त्यानें पाळला, हेंहि त्याच्या नांवावर जमा धरावयास पाहिजे.

सन १७३२ मध्यें तो उत्तरेकडील लॅपलंडच्या प्रवासास गेला व मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत बहुतेक एकटाच घोड्यावरून व पायीं हिंडला. त्या प्रदेशांत जमिनीलगत पसरणारें, जोडीजोडीनें गुलाबी फुलें येणारें एक नाजूक झुडूप असतें. तें त्याला इतकें आवडे कीं, पुढें ग्रोनोव्हिअस या डच मित्रानें त्यालाच लिनीआ असें नांव दिलें. झाडावरून माणसाचें नांव पडलें होतें, तें फिरून झाडाकडे गेलें.

सन १७३५ मध्यें तो हॉलंडास गेला. तेथें त्यानें वैद्यकीची पदवी घेतली व त्याच वर्षीं लायडेन येथें सिस्टेमा नाचुरी, म्हणजे सृष्टीची व्यवस्था, हा ग्रंथ छापविला. ग्रंथ म्हणावयाचें तें पुढील कीर्तीवरून. त्या वेळीं तीं जेमतेम डझनभर मोठीं पानें होतीं. तीन वर्षें हॉलंड, इंग्लंड व फ्रान्स या देशांत काढून तो १७३८ मध्यें परतला आणि त्यानंतर चाळीस वर्षें त्यानें स्वीडनची हद्द ओलांडली नाहीं. सन १७३९ मध्यें त्याचा विवाह झाला, १७४१ मध्यें तो उप्सालास प्रोफेसर झाला. नोकरी, मानसन्मान, सरदारकी, सारें यथाक्रम आलें; त्यांत आम्ही वाचकांचा वेळ घेत नाहीं.

आतां त्याच्या मुख्य कार्याकडे वळूं. लिनीअसच्या पूर्वीं विद्वान् लोक एखाद्या वनस्पतीचा उल्लेख करीत तो एका लांबलचक वाक्यानें. आपण ज्यास टोमॅटो म्हणतों, त्याचें नांव साधारणपणें असें होई: काटे नसलेल्या मऊ खोडाचें, पिसाच्या आकाराच्या कातरलेल्या पानांचें सोलॅनम. हें नांव नव्हे, हें वर्णन झालें. नवी जात सांपडली कीं हें वर्णन आणखी लांबे, व दोन विद्वानांचीं वर्णनें एकच होतील तर शपथ! लिनीअसनें यावर जो उपाय काढला तो इतका सोपा आहे कीं, तो आधीं कोणी सर्रास कां केला नाहीं याचें आज नवल वाटतें. प्रत्येक जातीला दोनच शब्द. पहिला शब्द कुलाचा, दुसरा व्यक्तीचा. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर आडनांव आधीं व नांव मागून लिहितात तसें. मांजर, सिंह व वाघ यांस त्यानें फेलिस कॅटस, फेलिस लिओ व फेलिस टायग्रिस म्हटलें, आणि दाराशीं म्यांव म्यांव करणारी मनी वाघाची भाऊबंद आहे हें त्या एका शब्दांत सांगून टाकलें. (पुढें शास्त्रज्ञांनीं वाघ-सिंहांचें बिऱ्हाड वेगळें केलें, तो भाग निराळा.) सन १७५३ मध्यें त्यानें सुमारें सहा हजार वनस्पतींना अशीं नांवें दिलीं, आपला आंबा व वड त्यांतच आहेत. सन १७५८ मध्यें सिस्टेमा नाचुरीची दहावी आवृत्ति निघाली, तींत चार हजारांवर प्राण्यांस याच पद्धतीनें नांवें दिलीं, व त्यांपैकीं पक्षीच साडेपांचशेंच्यावर होते. प्राणिशास्त्राचा नामकरणशक तेथून सुरू होतो. १ जानेवारी १७५८ च्या पूर्वींचीं प्राण्यांचीं नांवें शास्त्रांत धरीत नाहींत, असा आज आंतरराष्ट्रीय नियम आहे.

एवढे प्राणी व वनस्पती उप्सालास बसून एका मनुष्यानें पाहिले कसे? पुष्कळसे त्यानें पाहिलेच नव्हते. तो दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं पाहत असे. मलबारच्या झाडांसाठीं त्याचा आधार होता व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्यानें सतराव्या शतकांत सिद्ध केलेला हॉर्टस मलबारिकस हा बारा भागांचा ग्रंथ. त्या ग्रंथाच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे कोचीनचे तीन कोंकणी वैद्य खपले होते, आणि त्यांचें नागरी लिपींतील प्रतिज्ञापत्र त्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत छापलेलें आहे. पक्ष्यांसाठीं त्याचा एक मोठा आधार होता जॉर्ज एडवर्ड्स नांवाचा इंग्रज चित्रकार. एडवर्ड्सनें केप ऑफ गुड होपकडील एका प्रचंड समुद्रपक्ष्याचें चित्र व वर्णन प्रसिद्ध केलें होतें. त्या भूशिराला वळसा घालून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या दर्यावर्द्यांना तो पक्षी ठाऊक होता. अल्बट्रॉस हा शब्दच मुळीं पोर्तुगीज भाषेंतील अल्काट्राझ या शब्दाचा अपभ्रंश होय. गोव्याकडे येणाऱ्या पोर्तुगीजांचीं तारवेंहि त्याच सागरांतून येत. तें चित्र लिनीअसनें समोर ठेवलें व पक्ष्याला नांव दिलें.

तें नांव त्यानें पुराणांतून कां घ्यावें? लिनीअसची ही रीतच होती. कुलांसाठीं त्याला इतके शब्द लागत कीं, ग्रीक व लॅटिन काव्यें हीं त्याला नांवांचीं कोठारेंच वाटत. मोठ्या फुलपांखरांच्या तर त्यानें ट्रोजन युद्धांतील दोन्ही पक्षांच्या फौजाच उभ्या केल्या. आपल्या बागेंतील लिंबाच्या व कढीलिंबाच्या पानांवर जिचे सुरवंट वाढतात त्या एका काळ्या फुलपांखराच्या जातीचें नांव पॉलिटीस आहे. हा ट्रॉयच्या प्रायम राजाचा मुलगा. अरबी समुद्रावरहि आढळणाऱ्या, शेपटींत दोन लांब पांढरीं पिसें मिरविणाऱ्या एका पक्ष्याला त्यानें सूर्यपुत्र फेथन याचें नांव दिलें. या फेथननें बापाचा रथ हांकण्याचा हट्ट धरून आपला प्राण घालविला होता.

डायोमीडीस हा त्याच युद्धांतील ग्रीक वीर, आर्गोसचा राजा. लढाईच्या भरांत त्यानें प्रत्यक्ष प्रेमदेवतेवर शस्त्र चालवून तिला जखमी केलें. देवतेचा राग मोठा. युद्ध संपवून राजा घरीं आला तों त्याची राणी परकी झालेली. राज्य सोडून त्याला समुद्रमार्गें इटलीच्या किनाऱ्याकडे देशांतर करावें लागलें. त्याच्या सोबत्यांपैकीं एकानें वैतागून देवतेला दुरुत्तरें केलीं, तेव्हां तिनें त्याला व दुसऱ्या कित्येकांना पक्षी करून टाकलें. ते हंसासारखे शुभ्र होते, पण हंस नव्हते, असें रोमन कवि ओव्हिड याच्या काव्यांत आहे. दुसऱ्या कथेप्रमाणें राजा मेल्यावर त्याचे सोबती शोक करतां करतां पक्षी झाले व त्याच्या थडग्याजवळच राहिले. एड्रिआटिक समुद्रांतील ज्या लहान बेटांना आज ट्रेमिटी म्हणतात तींच डायोमीडीसचीं बेटें, असें प्राचीन लोक मानीत. तेथले पक्षी ग्रीक मनुष्य आला तर सलगी करीत व परका आला तर त्याच्या अंगावर जात, असेंहि ते लिहीत.

आतां गंमत पाहा. त्या बेटांवर आजहि एक समुद्रपक्षी घरटीं करतो. तो रात्रीं बिळाकडे परतूं लागला कीं त्याचा आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा ऐकूं येतो. सोबत्यांच्या शोकाची कथा त्या आवाजांतूनच जन्मली असावी. तो अल्बट्रॉसच्या दूरच्या नात्यांतला, पण आकारानें फारच लहान असा शिअरवॉटर नांवाचा पक्षी होय. म्हणजे डायोमीडीसचा खरा वारसदार हा! परंतु लिनीअसनें तें नांव उचलून पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाच्या अल्बट्रॉसला देऊन टाकलें. पुढें सन १७६९ मध्यें स्कोपोली या शास्त्रज्ञानें शिअरवॉटरला त्याच्या जातीच्या नांवांत डायोमीडिया हा शब्द दिला, तेव्हां त्या पक्ष्याला स्वतःच्या इस्टेटीचा कांहीं हिस्सा परत मिळाला असें म्हणावयास हरकत नाहीं. नांवाचा दुसरा शब्द एक्झुलान्स. लॅटिनमध्यें याचा अर्थ परदेशीं हद्दपारींत राहणारा. जमिनीपासून शेंकडों मैल दूर, वर्षानुवर्षें पाण्यावर हिंडणारा पक्षी ऐकून लिनीअसला तो घरादाराला पारखा झालेला वाटला.

चित्रावरून नांव देण्याचे धोकेहि होतेच. त्याच डायोमीडिया कुलांत लिनीअसनें आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एक पेंग्विनहि घातला व त्यास डायोमीडिया डिमर्सा, म्हणजे बुडी मारणारा, म्हटलें. ज्याला पंख असून उडतां येत नाहीं तो, आणि ज्याच्यासारखा उडणारा दुसरा नाहीं तो, हे दोघे एका आडनांवाचे सख्खे भाऊ झाले! नंतरच्या लोकांनीं पेंग्विनला वेगळें कुल दिलें. जातीचा शब्द मात्र तसाच राहिला. सोयीसाठीं ठेवलेलें नांव चुकीच्या समजुतीवर उभें असलें तरी बदलावयाचें नाहीं, नाहींतर दररोज बारसें करावें लागेल, हें शास्त्रज्ञांचें धोरण आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

दुसऱ्या अर्थानें नांवें ठेवण्याचा प्रकार असा. सेंट पीटर्सबर्ग येथील सीगेसबेक नांवाच्या पंडितानें लिनीअसवर कडक टीका केली होती. एका चिकट, क्षुद्र रानगवताला लिनीअसनें सीगेसबेकिआ नांव दिलें तें त्याचा सूड म्हणून, अशी आख्यायिका आहे. गृहस्थ इतिहासांत राहिले ते त्या तणामुळें.

पण लिनीअसच्या चरित्रांत आम्हांस जी गोष्ट सर्वांत विचार करावयास लावते ती त्याच्या शिष्यांची. दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं पाहावयाचें तर ते डोळे दूरदूर पाठविले पाहिजेत. त्यानें आपले विद्यार्थी पृथ्वीच्या चारी दिशांना धाडले. त्यांस तो आपले प्रेषित म्हणे. त्यांपैकीं सतरा नांवें प्रसिद्ध आहेत. पहिला टेर्नस्ट्रोम. तो १७४६ मध्यें चीनकडे निघाला व वाटेंतच एका बेटावर तापानें मेला. तो बायकामुलांचा मनुष्य होता. त्याच्या विधवेनें लिनीअसला दोष दिला, आणि त्यानंतर लिनीअसनें अविवाहित तरुणच पाठविण्याचा नेम केला. पाठविणें मात्र थांबविलें नाहीं. हासेलक्विस्ट पॅलेस्टाइनकडे गेला. तो १७५२ मध्यें स्मर्ना येथें वारला, व त्याचा संग्रह कर्जापायीं अडकला तो स्वीडनच्या राणीनें पैसे भरून सोडविला. लोफ्लिंग १७५४ मध्यें व्हेनेझुएलांत गेला तो परत आला नाहीं. फोर्सकोल अरबस्तानांत १७६३ मध्यें तापानें वारला. त्यांनीं पाठविलेलीं झाडें, बिया, टिपणें उप्सालास पोंचत; माणसें पोंचत नसत. लिनीअस त्यांच्यासाठीं शोक करी व त्यांचीं नांवें झाडांना देई. एवढ्यानें हिशेब पुरा होतो काय? त्याच्या बाजूनें इतकें म्हणतां येईल कीं, जाणारे आपल्या खुषीनें व उत्साहानें जात. लिनीअसनें लॅपलंडांत स्वतःचाहि जीव धोक्यांत घातला होता. पण ते वीस-तीस वर्षांचे होते, आणि तो चाळिशी ओलांडल्यावर देशाबाहेर पडला नव्हता. ज्या आईबापांचीं मुलें परगांवीं शिकावयास आहेत ते या गोष्टीचा न्याय आमच्याहून बरा करतील.

सर्वांत आवडता शिष्य सोलँडर मेला नाहीं. तो १७६० मध्यें लंडनला गेला व तिकडेच रमला. त्यानें उप्सालास येऊन आपली गादी चालवावी अशी गुरूची इच्छा होती. सोलँडर पुढें जोसेफ बँक्स याच्याबरोबर कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला व १७६८ पासून १७७१ पर्यंत त्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. दक्षिण महासागरांत बँक्सनें अल्बट्रॉस मारून आणावे व सोलँडरनें ते तपासून त्यांचीं लॅटिन वर्णनें लिहावीं, असें चाले. गुरूनें चित्रावरून ज्याला नांव दिलें त्या पक्ष्याला शिष्यानें हात लाविला. ती सफर संपल्यावर तरी सोलँडर आपल्याकडे येईल, निदान कांहीं नमुने धाडील, अशी म्हाताऱ्यानें फार वाट पाहिली. सोलँडर आला नाहीं. तो लंडन येथेंच १७८२ मध्यें वारला.

तोंपर्यंत लिनीअस उरला नव्हता. सन १७७४ मध्यें त्याला अर्धांगाचा पहिला झटका आला, १७७६ मध्यें दुसरा. उजवी बाजू गेली, वाचा अडखळूं लागली, आणि नांवें आठवेनाशीं झालीं. ज्यानें दहा हजारांवर जातींना नांवें दिलीं त्याला जवळच्या माणसांचीं नांवें सांपडत ना. त्याच्या समोर त्याचेच ग्रंथ ठेवले असतां तो पानें उलटी, त्यांची तारीफ करी, परंतु हे लिहिणारा आपणच हें त्याच्या ध्यानीं येत नसे. कुरणावर बसून नांवें विचारणारें तें चार वर्षांचें मूल आम्हांस येथें आठवतें. आतां सांगणारा बाप मात्र जवळ नव्हता. १० जानेवारी १७७८ रोजीं लिनीअसचा अंत झाला. उप्सालाच्या मोठ्या देवळांत त्याला पुरलें आहे.

त्याचा मुलगाहि १७८३ मध्यें वारला. तेव्हां विधवेनें सारा संग्रह विकावयास काढला व जेम्स एडवर्ड स्मिथ नांवाच्या एका चोवीस वर्षांच्या इंग्रजानें बापाच्या पैशानें तो १७८४ मध्यें सुमारें एक हजार गिनींना घेतला. हजारों वाळविलेल्या वनस्पती, कीटक, शिंपा, पुस्तकें व पत्रें, असा तो ठेवा जहाजानें लंडनला गेला. स्वीडनच्या राजानें पाठलागास लढाऊ जहाज पाठविलें अशी एक रंगतदार कथा आहे, चित्रहि आहे. पण तिला आधार नाहीं. स्मिथनें १७८८ मध्यें स्थापिलेल्या लिनीअन सोसायटीकडे तो संग्रह आज आहे. स्वीडनमध्यें न राहतां स्वीडनचें हें धन परदेशींच राहिलें.

अल्बट्रॉसविषयीं मात्र लिनीअसला ठाऊक नव्हत्या अशा कांहीं गोष्टी आज कळल्या आहेत. तो पंख फारसे हालवीत नाहीं. लाटांजवळ वारा मंद व वर जोराचा असतो. या दोन थरांतून वर चढत व खालीं उतरत तो वाऱ्याच्याच बळावर हजारों मैल जातो. दक्षिण जॉर्जिआ, क्रोझे, कर्गेलेन यांसारख्या निर्जनप्राय बेटांवर त्याची वीण होते. एका वेळीं एकच अंडें, आणि पिलूं वाढलें तर पुढचें अंडें दोन वर्षांनीं. पिलाला उडावयास सुमारें नऊ महिने लागतात, व तोंपर्यंत आईबाप आळीपाळीनें समुद्रावरून अन्न आणतात. अशा सावकाश वाढणाऱ्या जातीला थोडीहि अधिक मृत्युसंख्या सोसत नाहीं. मासे धरण्यासाठीं मैलोगणती लांब दोऱ्यांना हजारों गळ लावून सोडण्याची रीत विसाव्या शतकांत पसरली. गळावरचें आमिष गिळतांना हे पक्षी अडकून बुडतात, व कित्येक बेटांवर त्यांची संख्या घटली आहे. दोऱ्यांना वजनें बांधून त्या लौकर बुडतील असें करणें, दोऱ्या रात्रीं सोडणें, असे उपाय आतां कांहीं ठिकाणीं सक्तीचे केले आहेत, व जेथें ते पाळले जातात तेथें मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या फार कमी झाली आहे.

पिलांच्या पायांत खुणेचीं वळीं घालून शास्त्रज्ञांनीं पुष्कळ वर्षें पाहिलें. पहिलें उड्डाण केल्यावर तरुण पक्षी कित्येक वर्षें जमिनीवर पाय ठेवीत नाहीं. मग एके ऋतूंत तो परत येतो, व बहुधा ज्या बेटावर तो जन्मला त्याच बेटावर उतरतो.